मास्तरांचा डावा बूट

नवरदेवाचा बूट इतका जड असतो हे राजमतीला माहीत नव्हतं.

मांडवाच्या तोंडाशी पायताणांचा हा ढीग पडला होता. करकरणाऱ्या कोल्हापुरी वहाणा, म्हाताऱ्यांचे फाटके जोडे, कुणाची तरी अंगठा तुटलेली चप्पल... आणि या सगळ्या गर्दीपासून जरा बाजूला, खांबाच्या आडोशाला सरकवून ठेवलेले काळे, चकचकीत, नाडीचे बूट. त्या काळी निपाणीत बूट घालणारी माणसं बोटांवर मोजावीत इतकीच. तिच्या थोरल्या बहिणीचा, पद्माक्काचा नवरा मोटारीतून बूट घालून उतरला होता, हे राजमतीनं माडीवरून पाहिलं होतं. मग हे आणखी कुणाचे असणार? अंतरपाट धरला होता. सगळे डोळे पुढं. करवलीनं डावा बूट उचलला, इरकलीच्या पदराखाली घेतला आणि मागल्या बोळानं सटकली. दोन्ही कशाला न्यायचे? एका बुटावर कोण कुठं जातंय!

घराच्या मागंच तिच्या वडिलांची, आप्पाण्णांची तंबाखूची वखार. माघ महिना, वखार पानांनी गच्च भरलेली. उंच झरोक्यातून उन्हाची तिरीप आली की ती सोनेरी पानं आतून दिवा लावल्यासारखी दिसायची. आणि तो वास... थोडा गुळाचा, थोडा मधाचा, थोडा डोकं धरणारा. राजमती त्या वासातच लहानाची मोठी झाली होती. पानांच्या थप्पीत तिनं हात कोपरापर्यंत घातला, बूट आत सरकवला, वर चार पानं पसरली आणि साळसूद चेहरा करून मांडवात येऊन उभी राहिली. अक्षता टाकायला तर ती सगळ्यांच्या पुढं होती.

आप्पाण्णांना पान बोटात धरलं की त्याची प्रत कळायची. त्यांच्या या धाकट्या लेकीला माणूस दारात उभा राहिला की कळायची. हा एक नंबर, हा दोन नंबर, हा नुसता चुरा. मनातल्या मनात ती सगळ्या गावाची प्रत लावून बसलेली होती, आणि एकदा लावलेली प्रत तिनं कधी बदलली नव्हती. नवरदेवाला तिनं पहिल्या भेटीतच एक नंबरात टाकलं होतं, कारण तो हसरा होता. हसऱ्या माणसाकडनं खंडणी चांगली निघते.

पण खंडणी मागायला ती गेली, तेव्हा नवरदेव जरा जास्तच हसला. त्याच्या धाकट्या भावानं काखेतली पिशवी उघडून दाखवली. आत तपकिरी बुटांची जोडी, उजवा आणि डावा, दोन्ही सुखरूप. वऱ्हाडातल्या बायका पदर तोंडाला लावून खिदळल्या. करवली फसली म्हणून मांडवभर झालं.

मग तो काळा बूट कुणाचा?

दिवस कलायला लागला होता. जैनाघरचं लग्न, सूर्य मावळायच्या आत पंगती उठायला हव्यात, म्हणून बघता बघता सगळा मांडव परसात जेवायला गेला. मागं राहिल्या तुडवलेल्या अक्षता, वाऱ्यावर हलणारी आंब्याची पानं... आणि खांबाला टेकून बसलेला एकच माणूस. त्याच्या पुढ्यात उजवा बूट.

राजमतीनं त्याला ओळखलं. श्रेणिक मास्तर. हायस्कुलात इंग्रजी शिकवायला बेळगावहून आलेले, शहापूरच्या जैन घरातले. अंगानं सडपातळ, धोतर पार बुटाच्या टाचेपर्यंत सोडलेलं, आणि डोळे असे की समोरच्याला वाटावं, आपलं काहीतरी चुकलंय. गाव त्यांना मागं ‘बूटवाले मास्तर’ म्हणायचं. कुणी कितीही आग्रह केला तरी हा माणूस ओट्यापर्यंत यायचा, उंबरा म्हणून ओलांडायचा नाही. जैन बस्तीतल्या देवालासुद्धा बाहेरूनच हात जोडायचा. देवापुढंही ज्याला बूट काढवत नाहीत त्याला काय म्हणायचं? राजमतीनं कधीच त्याची प्रत लावून टाकली होती. वरून सोनेरी, आतून कडक. शिष्ट.

आज आप्पाण्णांनी स्वतः शाळेत जाऊन, हाताला धरून त्यांना मांडवात आणलं होतं. नाइलाजानं बूट निघाले होते.

“जेवायला चला की मास्तर,” ती म्हणाली. “पंगत बसली.”

“भूक नाही.”

“बूट न्हाय म्हणा की.”

मास्तरांनी मान वर केली. राग असेल असं तिला वाटलं होतं. राग नव्हता. परीक्षेचा निकाल ऐकायला उभ्या राहिलेल्या पोरांच्या डोळ्यांत असते तसली काहीतरी भीती होती. तिनं गडबडीनं सगळं सांगून टाकलं... नवरदेवाचा म्हणून उचलला, चूक झाली, आत्ता आणते. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, “खंडणी किती?”

“नवरदेवाची खंडणी तुमच्याकडनं कशी घेऊ? माफ.”

“मग लवकर आणा. सगळे परत यायच्या आत.”

“तवर अनवाणी चला की पंगतीला. तिथं सगळेच अनवाणी हाईत.”

मास्तरांनी नुसतं धोतर पायांवर आणखी ओढून घेतलं.

राजमती वखारीत गेली आणि तिथंच थबकली. पान उन्हानं कडक झालं की हात लावताच चुरा होतं, म्हणून वखारीतला गडी भावकू रोज दिवस कलता थप्प्यांवर पाणी शिंपडायचा. लग्न असो नाहीतर काही असो, भावकूचं काम चुकायचं नाही. सगळी थप्पी मऊ, ओलीचिंब. तिनं हात घालून बूट ओढला, तर त्यातून पाणी निथळायला लागलं.

तिनं तो झरोक्याच्या उजेडात धरला... आणि पहिल्यांदा नीट पाहिला. तळ चांगला तीन बोटं जाड. पातळ पातळ थर एकावर एक चिकटवलेले, वरून काळा रंग दिलेला, धोतराखालून दिसला तरी कुणाला काही कळू नये म्हणून. उजव्या बुटाचा तळ काही असा नव्हता. तो तर साधा होता. राजमती तो जड बूट हातात घेऊन उभी राहिली, आणि उंबऱ्याबाहेर थांबणारा, बस्तीबाहेरून हात जोडणारा तो माणूस तिला आठवत गेला. एकदा लावलेली प्रत तिनं त्या दिवशी पहिल्यांदा मोडली.

परत आली ती पदरानं बूट पुसत. मास्तरांनी तो ओलाच पायात चढवला. नाडी घाईघाईनं आवळली. तिनं मुद्दाम आंब्याच्या पानांकडं पाहिलं.

“कुणाला सांगू नका,” ते खाली बघूनच म्हणाले.

“न्हाय सांगत.”

“आप्पाण्णांनाही नाही.”

“न्हाय म्हटलं की न्हाय.”

मास्तर उठले. ताठ, सरळ, कुठं काही उणं नाही. फक्त डावा बूट पावलागणिक पचक पचक करत होता. नेमकं त्याच वेळी बुंदीची परात घेऊन आप्पाण्णा परसातून आले. “मास्तर, जेवून जावा!” त्यांनी हाक मारली. पुन्हा मारली. मास्तरांनी मागं न वळता हात जोडल्यासारखं केलं आणि ते निघून गेले.

आप्पाण्णांनी परात खाली ठेवली. “बरं,” एवढंच म्हणाले. पण आप्पाण्णांचं ‘बरं’ साधं नसायचं. स्वतःच्या हातानं आणलेला पाहुणा लेकीच्या लग्नातून उपाशी गेला, हे त्यांना आयुष्यभर पुरणार होतं. राजमतीच्या ओठांवर सगळं आलं होतं. पण वचनाला पाच मिनिटंही झाली नव्हती... तिनं परात उचलली आणि परसात नेली.

पद्माक्का सासरी गेली, मांडव उतरला, आणि मास्तर तापानं पडल्याचं गावात ऐकू आलं. शाळेत येत नाहीत म्हणे. ताप कुठल्या पायाला आलाय हे राजमतीला तेवढं ठाऊक होतं. वखारीत पानं निवडणारी गंगव्वा तिच्या आजीच्या वयाची. बेळगाव रस्त्याकडच्या शेतावर जाऊन येऊ म्हणून तिला सोबत घेतलं आणि वाटेत मास्तरांच्या ओट्याशी ती सहज थांबली. सहजपणा तिनं घरून निघतानाच पाठ केला होता.

मास्तर ओट्यावर खुर्चीत बसले होते. बूट समोर भर उन्हात.

“उन्हात ठेवलाय?” तिच्या तोंडून निघून गेलं.

“लवकर वाळावा म्हणून...” मास्तर ओशाळले. “डॉक्टरांनी बजावलंय, सावलीतच वाळवा. पण शाळा बुडतेय.”

बूट तडकला होता. तळाचे थर एका कडेनं सुटून फुगले होते, जुन्या पोथीची पानं सुटावीत तसे. राजमतीनं तो उचलून सावलीत ठेवला आणि डॉक्टर आणखी काय काय म्हणाले ते विचारलं. मास्तरांना सगळं पाठ होतं. लहानपणी तापात डावा पाय वाढीत मागं राहिला, तेव्हापासून बेळगावच्या कँपातले डॉक्टर दर खेपेला पाय मापून बूट करवून देत. झोपेतून उठल्यापासून झोपेपर्यंत बूट पायात हवा, घरातसुद्धा. अनवाणी चालत राहिलं तर कंबर बिघडेल. रोज आत हात घालून खिळा-खडा बघायचा. भिजला तर आत कागद भरायचा. आठवड्याला तेल द्यायचं.

“कसलं तेल?”

मास्तर अडखळले. “गाईच्या खुरांचं.”

गंगव्वानं कानांना हात लावले. राजमती पुटपुटली, “अरिहंत, अरिहंत... आणि जैनाच्या लेकानं ते लावलं?”

“लावलं. बेळगावला आत्या आहे, तिला अजून सांगितलेलं नाही.”

हे त्यांनी इतक्या गंभीर तोंडानं सांगितलं की राजमतीला हसू आवरेना. ती हसली, आणि मग... मास्तरही हसले. त्यांना हसताना निपाणीत कुणी पाहिलं नव्हतं. हसले की डोळ्यांतला तो धाक कुठल्या कुठं जायचा आणि माणूस एकदम कोवळा दिसायचा, पहाटेच्या दवात भिजलेल्या पानासारखा.

“खूर-बीर काय न्हाय,” ती म्हणाली. “एरंडेल देते मी. बूट मी बिघडवला, मीच नीट करणार. कागद तेवढा द्या.”

मास्तरांनी आतून चाचणी परीक्षेचे जुने पेपर आणायला गंगव्वाला सांगितलं.

“नापासांचेच द्या,” राजमती म्हणाली. “पासवाल्यांचे जपून ठेवा.”

कातडं घरात चालणार नव्हतं, म्हणून बूट वखारीच्या मागल्या ओट्यावर राहिला. पान कसं सावकाश वाळवायचं, किती मऊ ठेवायचं हे तिच्या हातांना ठाऊक होतंच. कातड्यालाही तिनं तोच न्याय लावला. रोज कागद बदलायचा, एरंडेलाचं बोट फिरवायचं, पुन्हा सावली. जोडे शिवणाऱ्या परशरामाकडून तळाचे थर चिकटवून शिवून घेतले. परशरामानं बूट कुणाचा म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर तिच्याकडं उत्तर तयार होतं, आणि ते खरं नव्हतं. घरात शिरण्याआधी ती शिकेकाईनं हात खसाखसा धुवायची. आई विचारायची, एवढं काय घासतेस? ती म्हणायची, तंबाखूचा चिकटा. चिकटा होता हे खरंच. कशाचा, ते ती स्वतःलाही सांगत नव्हती.

बूट परत गेला, मास्तर शाळेत जायला लागले, आणि त्यांची शाळेची वाट एकाएकी वखारीवरून जायला लागली. सरळ वाट दुसरीकडून होती. पण इंग्रजी शिकलेल्या माणसाला वाट कोण शिकवणार?

सकाळी दव असतानाच पानं हाताळायची, म्हणून वखारीत बायका उजाडताच यायच्या. धुक्यात रस्ता बुडालेला असायचा. आधी नुसता आवाज यायचा. टक... टक... टक... सारखा, जुळलेला. मग धुक्यातून कोट दिसायचा, मग मास्तर. राजमती ओट्यावर पानं निवडत बसलेली असायची आणि वर न बघताच म्हणायची, “बूट दाखवा.”

मास्तर पाऊल ओट्याच्या पायरीवर ठेवायचे. ती कडेकडेनं बघायची. शिवण धरलीय का, तळ सुटत नाही ना. बघून झाल्यावरही थोडी बघायची.

“आत हात घालून बघितला?”

“बघितला.”

“काय निघालं?”

“खडा. आणि एक तंबाखूचं पान.”

“ते माझं,” ती म्हणाली. “राहिलं असंल.”

“असू दे. ते मी तिथंच ठेवलंय.”

गंगव्वा खोकायची. तिला खोकला कधीच नव्हता.

एकदा राजमतीनं विचारलंच. गावातली थोरंमोठी तिला राजी म्हणायची, बाकी सगळा गाव राजाक्का. अगदी बापाच्या वयाचा भावकूसुद्धा. “तुम्ही मात्र मला कायच म्हणत न्हाय. अहो न्हाय, अगं न्हाय. का ओ?”

मास्तरांनी हातातलं पुस्तक उगाच उघडलं, मिटलं. “सगळे आक्का म्हणतात,” ते म्हणाले, “आणि मला... आक्का म्हणायचं नाही.”

एवढं बोलून ते धुक्यात निघून गेले. टक, टक, टक... आज आवाज जरा घाईचा होता. राजमतीच्या हातातलं पान एक नंबरचं होतं; ते तिनं चुऱ्याच्या टोपलीत टाकलं. गंगव्वानं न बोलता उचलून पुन्हा जागेवर ठेवलं.

दिवस कसे जात होते ते तिला कळत नव्हतं. सगळं धुक्यातून पाहिल्यासारखं... मऊ, कडा नसलेलं, आणि सुटी आली की दिवस उगाच लांबलेला. मग एका संध्याकाळी आप्पाण्णांनी जेवताना सांगितलं, चिकोडीच्या गुंडाप्पांकडनं निरोप आलाय. मुलगा चांगला, मळा मोठा. पुनवेला ते बैठकीला येतील. पसंती झाली की सुपारी फुटंल.

दुसऱ्या दिवशी तिनं बूट बघितला नाही. सरळ मास्तरांच्या तोंडाकडं बघितलं आणि पुनवेचं सांगितलं. मास्तरांचा चेहरा धुक्याइतकाच पांढरा झाला.

“तुम्ही येऊन विचारा,” ती म्हणाली.

“आप्पाण्णा माझ्याशी बोलत नाहीत. रस्त्यात दिसले तर मान फिरवतात.”

“तुम्ही मांडवातनं उपाशी गेलात. ते त्यांच्या मनातनं जात न्हाय. शिष्ट माणूस म्हणत्यात, माझ्या अन्नाला नाक मुरडलं म्हणत्यात.”

“तुम्हाला खरं कारण माहीत आहे.” ते थांबले. “वचनातून मोकळं केलं... सांगा तुम्ही.”

राजमतीनं नकाराची मान हलवली. “मी सांगितलं तर आप्पा तुमची कीव करतील. तुम्ही चालत आत आलात तर मान देतील. कीव घेऊन मी तुमच्या घरी येणार न्हाय.”

मास्तर ओट्याच्या पायरीवर टेकले. मग हळूहळू बोलले. बेळगावात एकदा ते मुलगी बघायला गेले होते. दारात बूट काढले आणि बैठकीपर्यंत चालत गेले. एवढंसं अंतर. आतल्या खोलीतून कुणीतरी हसलं. कोण ते कळलं नाही. पोहे आले, त्यांनी खाल्लेही, पण त्या दिवसापासून कुणाचा उंबरा म्हणून ओलांडला नाही. “लोक शिष्ट म्हणतात ते मला सोसतं,” ते म्हणाले. “दुसरं काही म्हणाले तर सोसत नाही.”

“आमच्या घरात कोण हसणार?”

“तुम्ही मला बूट घालूनच पाहिलंय.”

खरंच होतं ते. बुटाचा टाका न् टाका तिला पाठ होता. बुटावाचूनचा माणूस तिनं पाहिलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी धुक्यातून आवाज आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मास्तर सरळ वाटेनं शाळेत जायला लागले होते. राजमती रडली नाही. तंबाखूच्या वखारीत डोळ्यांत पाणी आलं तर कुणी विचारत नाही, ही एक सोय होती. मात्र एक दिवस ती रवळू सुताराकडं गेली आणि खडावांची एक जोडी सांगून आली. रवळूला वाटलं, पोरीला माप सांगता येत नाही. उजवी साधी आणि डावी तीन बोटं उंच? राजमती म्हणाली, “तसंच माप हाय.” डाव्या खडावेचं लाकूड हलकं घ्यायला सांगितलं, कडा घोटून घ्यायला सांगितल्या. लाकडाला उंबरा आडवा येत नाही. डॉक्टर म्हणाले होते, घरातसुद्धा... तर घरातसुद्धा.

पुनवेच्या आदल्या दिवशी ऊन परतीला लागलेलं. आप्पाण्णा सोप्यात जेवायला बसण्याच्या बेतात होते, आई पानं मांडत होती. बाहेरच्या ओट्यावर आवाज आला. टक. टक. टक. राजमतीच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

श्रेणिक मास्तर दारात उभे होते. धोतर आज टाचेपर्यंत नव्हतं, घोट्याच्या वर नेसलेलं. ते ओट्याच्या कडेला बसले, एकेक नाडी सोडली आणि दोन्ही बूट शेजारी शेजारी ठेवले. तिनं पाय धुवायला तांब्या पुढं केला. पाणी ओतताना तिनं पहिल्यांदा तो डावा पाय पाहिला. उजव्यापेक्षा बारीक, गोरा, लहान मुलाच्या पायासारखा. ऊन न लागलेला.

नाड्या सुटेपर्यंत तिनं उंबऱ्याच्या आतल्या बाजूला खडावा आणून ठेवल्या होत्या. एक उंच, एक ठेंगणी. मास्तरांची नजर तिथं गेली... मग तिच्याकडं. ती नजर तिला नंतर किती वर्षं आठवत राहिली! पण खडावा त्यांनी पायात घातल्या नाहीत.

“जाताना घालीन,” ते हळूच म्हणाले. “आत मात्र असाच जातो.”

आणि त्यांनी उंबरा ओलांडला.

सोपा लांबलचक होता. एक पाऊल भक्कम पडायचं, एक हलकं. अंग एका अंगाला झुकायचं, पुन्हा सावरायचं. वाऱ्यावर ज्वारीचं कणीस डोलावं तसं, राजमतीला वाटलं. आई पान हातात धरून उभी. आप्पाण्णा बघत होते. चेहऱ्याकडं नाही, पायांकडं. घरात कुणीही हसलं नाही.

मास्तर त्यांच्यासमोर येऊन थांबले, कपाळावर घाम होता. “आप्पाण्णा,” ते म्हणाले, “त्या दिवशीचं जेवण राहिलंय. जेवायला आलोय.”

आप्पाण्णांच्या चेहऱ्यावर मांडवातला तो दिवस पुन्हा उलगडत होता... रिकामा मांडव, पाठमोरे मास्तर, ती परात. “बूट नव्हता व्हय तवा?” त्यांनी शेवटी विचारलं.

“एकच होता.”

“दुसरा कुणी नेला?”

मास्तरांनी वर आढ्याकडं पाहिलं. राजमतीनं तांब्याकडं. आप्पाण्णांनी दोघांकडंही. पोरीच्या शिकेकाईनं धुतलेल्या हातांचं, सकाळी लवकर उठून वखारीत पळण्याचं, आठवडाभर सुजलेल्या डोळ्यांचं त्यांनी मनाशी काय जुळवलं असेल ते त्यांचं त्यांना ठाऊक. व्यापारी माणूस, जुळलं की जुळलं.

“असं उघडं करून माल कुणी दाखवत न्हाय मास्तर,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा ओला होता. “सगळे वरची पानं चांगली लावून आणत्यात.” मग पाट स्वतःच्या शेजारी ओढला. “बसा. दिवस हाय तवर जेवून घ्या. राजी, वाढ गं. बुंदी न्हाय आता, गूळ-तूप वाढ.”

मास्तर जेवले. मागून घेतली भाकरी. जेवता जेवता त्यांनी आणखी काय विचारलं आणि आप्पाण्णांनी मान कशी हलवली हे राजमतीला नीट ऐकू आलं नाही. कानांत नुसतं धडधडत होतं. ऐकू आलं ते एवढंच, की आप्पाण्णा आईला म्हणाले, उजाडताच चिकोडीला माणूस धाडायचा, बैठक ठरली म्हणावं, पण दुसऱ्याशी. आणि बेळगावला आत्याबाईंनाही निरोप जायला हवा. “तेलाचं तेवढं कळवू नका,” मास्तर पुटपुटले. राजमतीला ठसका लागला.

हात धुऊन मास्तर उठले आणि खडावांत पाय घातले. खट... खट... खट. दोन्ही पावलं सारखी. सोप्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ते चालत गेले, उगाच परत आले, पुन्हा गेले, आणि उंबरा ओलांडून ओट्यावर आले. तिथं कलत्या उन्हात बूट होता.

एकच. उजवा.

राजमती खांबाला टेकून उभी होती. पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत, साळसूद.

“आता हा कुणाचा समजून नेला?” मास्तरांनी विचारलं.

“नवरदेवाचा.”

त्यांना हसू आलं. “भिजेल ना पुन्हा.”

“भिजतोय कशाला... ओट्यावरच्या कोनाड्यात हाय. सावलीत. कागद भरून.”

“नापासांचे?”

“पासवाल्यांचे,” ती म्हणाली. “आज पास झालात न्हवं.”

बाहेर सूर्य वखारीच्या कौलांमागं टेकला होता. पानांचा मधासारखा वास ओट्यापर्यंत आला होता.

“मग खंडणी किती, राजमती?” त्यांनी विचारलं.

नुसतं नाव. आक्का नाही. राजमतीला ते ऐकायला एवढे दिवस लागले होते. तिनं ते थोडा वेळ तसंच कानांत राहू दिलं.

“त्या दिवशीची माफ केलती,” ती म्हणाली. “आजची न्हाय. आज दिवस मावळूस्तवर आत बसायचं. बूट मग मिळंल.”

मास्तर वळले. खट, खट, खट... उंबरा ओलांडून आत गेले.